छापे भेसळीवर, आजार पंगतीतून

दिवाळी जवळ आली की अन्न व औषध प्रशासनाच्या छाप्यांच्या बातम्या येऊ लागतात. खवा, पनीर, तूप, खाद्यतेल, मिरची पूड यांचे साठे पकडले जातात, जप्त मालाचे वजन आणि किंमत छापून येते, आणि आपल्या ताटातल्या अन्नाची काळजी घेणारे कोणीतरी आहे असे वाचणाऱ्याला वाटते. ही कारवाई अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र 20 फेब्रुवारी 2024 रोजी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा या गावी जे घडले, ते अशा छाप्यांनी टळले असते असे मला वाटत नाही. गावात हरिनाम सप्ताह चालू होता, एकादशी होती, आणि उपवासाचा महाप्रसाद म्हणून भगर व आमटी वाढली गेली. त्यानंतर शेकडो लोकांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. बिबी येथील ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत, म्हणून रुग्णांना बाहेर उघड्यावर झोपवून, झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ती छायाचित्रे देशभर पाहिली गेली. चर्चा झाली ती रुग्णालयातल्या खाटांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या माणसांवर तिथे जाण्याची वेळ मुळात का आली, हा प्रश्न चार दिवसांत मागे पडला.

माझे म्हणणे असे आहे की अन्न सुरक्षेची आपली सरकारी यंत्रणा मनाने अजून भेसळीच्या काळात वावरते आहे. 1954 साली जो कायदा झाला त्याचे नावच अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा असे होते. त्या टंचाईच्या दिवसांत दुधात पाणी, तुपात वनस्पती तूप आणि हळदीत रंग मिसळणारा व्यापारी हा लोकांचा खरा शत्रू होता, आणि कायद्याने त्याचा पाठलाग करावा हे स्वाभाविकच होते. पुढे 2006 साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि त्याचे नियम 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले. शीर्षकातला भेसळ हा शब्द गेला आणि त्या जागी सुरक्षा हा शब्द आला, पण कामाची पद्धत बरीचशी तशीच राहिली. दुकानात जायचे, नमुना घ्यायचा, तो प्रमाणात बसतो की नाही हे पाहायचे आणि बसला नाही तर खटला भरायचा.

भेसळ हा फसवणुकीचा गुन्हा आहे. तो करणारा माणूस असतो, त्याचा हेतू असतो, त्याला नफा होतो. अन्नातून होणाऱ्या विषबाधेत बहुतेक वेळा असा माणूस नसतोच. लग्नघरची बासुंदी निवडक म्हशीच्या दुधाची असू शकते, तिच्यात साखर आणि वेलदोडा यांखेरीज काहीही मिसळलेले नसू शकते, आणि तरीही ती ढवळणाऱ्या आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असेल तर तिच्यात स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू जातात. मांडवात दुपारभर बासुंदी तशीच राहिली की हे जंतू वाढतात आणि एक विष तयार करतात. पुन्हा उकळी आणल्यावर जंतू मरतात, पण ते विष टिकून राहते. एक ते सहा तासांत वऱ्हाडाला उलट्या सुरू होतात. त्याच बासुंदीचा स्निग्धांश तपासला तर ती उत्तम ठरेल.

मसालेभाताचे तसेच आहे. तांदळावर बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असतात आणि भात शिजला तरी ते मरत नाहीत. गरम भात लगेच वाढला तर काही बिघडत नाही. सकाळच्या पंगतीचा उरलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवून रात्री पुन्हा गरम केला की मधल्या सात-आठ तासांत त्या बीजाणूंना हवी तशी ऊब मिळालेली असते. मटणाच्या किंवा कोंबडीच्या मोठ्या हंड्यात, जिथे मधला भाग तासन्तास कोमट राहतो, तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा दुसरा जंतू हेच काम करतो. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात अन्न जितका वेळ राहील तितका धोका वाढतो, ही गोष्ट अन्नशास्त्रात फार जुनी आहे. आपल्याकडच्या मांडवात तिला अजून जागा मिळालेली नाही. पूर्वी पंगत उठली की उरलेले अन्न तिथेच वाटून टाकण्याची रीत होती. आता सकाळी साखरपुडा, दुपारी लग्न आणि रात्री स्वागत समारंभ असा कार्यक्रम एकाच आचाऱ्याकडे असतो आणि स्वयंपाक पहाटे एकदाच होतो. बदल रीतीत झाला, धोका स्वयंपाकघरात शिरला, आणि त्याची दखल घेणारे कोणी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे 60 कोटी लोक आजारी पडतात आणि 4 लाख 20 हजार लोक मरतात. त्यांपैकी सव्वा लाख मुले पाच वर्षांखालची असतात. या बाबतीत ग्राहकाने जागरूक राहावे, चांगले हॉटेल निवडावे, बाकी बाजार बघून घेईल, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांचे म्हणणे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आजाराच्या स्वरूपातच आहे. दूषित अन्नाला वास येतोच असे नाही, चव बदलतेच असे नाही. साल्मोनेला हा जंतू पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. तोपर्यंत माणसाने दहा ठिकाणी दहा पदार्थ खाल्लेले असतात आणि तो दोष देतो तो शेवटच्या जेवणाला.

आमच्या नात्यातल्या एका लग्नानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीसएक माणसे अंथरुणाला खिळली. कोणी पनीरला नाव ठेवले, कोणी बर्फाला, एका काकूंनी दृष्ट लागल्याचे सांगितले. निरनिराळ्या गावांना परतलेली ती माणसे निरनिराळ्या डॉक्टरांकडे गेली, प्रत्येकाला गोळ्या आणि मीठ-साखरेचे पाणी मिळाले, आणि त्या तीस आजारांची मिळून एकही नोंद कुठे झाली नाही. त्याच आचाऱ्याकडे पुढच्या आठवड्यात दुसरे लग्न होते. ज्या धोक्याचा माग एकटा ग्राहक कधीच काढू शकत नाही, तिथे सरकारने उतरले पाहिजे, आणि उतरायचे तर आधी त्याला आजार दिसला पाहिजे.

याची तरतूद कायद्यात नाही असे नाही. 2006 च्या कायद्याचे कलम 35 याच विषयावर आहे. एखाद्या क्षेत्रात व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांनी त्यांच्यासमोर आलेला अन्नविषबाधेचा प्रत्येक प्रसंग नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवावा, असे अधिसूचना काढून बंधनकारक करण्याचा अधिकार या कलमाने अन्न प्राधिकरणाला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय संस्थेला, दिला आहे. संपूर्ण कायद्यात मला हे कलम सर्वांत मोलाचे वाटते, कारण अधिकाऱ्याला दुकानाऐवजी रुग्णापासून सुरुवात करायला लावणारी वाट त्यातून निघते. तरीही अन्न सुरक्षेवर बोलताना भेसळीच्या शिक्षेची कलमे सगळ्यांच्या तोंडी असतात आणि कलम 35 चे नाव क्वचित निघते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्या रोजच्या कामात ते कुठेही दिसत नाही. त्यातला अधिकारही 'करता येईल' अशा शब्दांत आहे, आणि आपल्याकडे 'करता येईल' याचा अर्थ बहुधा 'केले नाही तरी चालेल' असाच लावला जातो.

नोंदीने काय होते हे अमेरिकेतल्या 1993 सालच्या एका घटनेवरून दिसते. जॅक इन द बॉक्स या हॅम्बर्गरच्या साखळीतल्या नीट न शिजलेल्या मांसातून ई. कोलाय ओ157 या जंतूची बाधा पसरली. चार राज्यांत मिळून 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. वॉशिंग्टन राज्यात या जंतूची बाधा झालेला रुग्ण सरकारला कळवणे आधीपासून बंधनकारक होते, त्यामुळे तिथे मुलांच्या आजाराचा सारखेपणा लवकर लक्षात आला, मांसाचा माग लागला आणि उरलेला माल परत मागवता आला. त्याच कंपनीचे मांस नेवाडा राज्यातही विकले गेले होते. लास वेगासमध्ये लोक त्याच जंतूने आजारी पडत होते, पण ती साथ आहे हे तिथल्या यंत्रणेच्या ध्यानात आले ते वॉशिंग्टनमधली बातमी पसरल्यावर. माल एकच, जंतू एकच, देशही एकच. एका ठिकाणी डॉक्टरने कळवण्याची सवय होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती. पुढच्या वर्षी अमेरिकेने कच्च्या खिम्यातला हा जंतू म्हणजे कायद्याने भेसळच असे जाहीर केले. शब्द तोच जुना, पण त्याचा अर्थ आजारापर्यंत नेला गेला.

आपल्याकडे साथीच्या नोंदींचे काम अजिबात होत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 पासून चालू आहे आणि त्याच्या साप्ताहिक अहवालांत अतिसार आणि अन्नविषबाधा यांच्या साथी सातत्याने आढळतात. पण तो कार्यक्रम आरोग्य खात्याचा आहे आणि हॉटेलचा परवाना देणारे, आचाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊ शकणारे अधिकारी अन्न व औषध प्रशासनाचे आहेत. रुग्ण एका खात्याच्या कागदावर आणि त्याने जे खाल्ले ते दुसऱ्या खात्याच्या अखत्यारीत, अशी ही विभागणी आहे. एखाद्या आश्रमशाळेत शंभर मुले आजारी पडली तर दोन्ही खाती धावून येतात, यात शंका नाही. पण एका शहरातल्या एकाच गाडीवरून आठवड्यात पंधरा माणसे आजारी पडली आणि ती आठ दवाखान्यांत विखुरली गेली, तर हे पंधरा ठिपके जोडण्याचे काम कोणाचेच नसते.

नमुन्यांच्या बाबतीतही हाच जुना साचा आड येतो. दुधाचा नमुना टिकावा म्हणून त्यात फॉर्मेलिन घालण्याची पद्धत आहे. स्निग्धांश किंवा पाण्याचे प्रमाण मोजायला ती योग्यच आहे, पण जंतू शोधायचे असतील तर असा नमुना निरुपयोगी, कारण फॉर्मेलिनने जंतू मरतात. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक भांड्यात घ्यावा लागतो, बर्फात ठेवावा लागतो आणि काही तासांत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. लोणारसारख्या तालुक्यातून हे कसे व्हावे, याचा विचार आपण प्रयोगशाळा कुठे बांधायच्या हे ठरवताना केलेला नाही. बहुतेक वेळा अधिकारी पोचेपर्यंत भांडी घासून झालेली असतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2017 सालच्या अहवालात म्हटले होते की नमुने जिथे पाठवले जात होते त्या राज्यांच्या 72 प्रयोगशाळांपैकी 65 प्रयोगशाळांना राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता नव्हती. त्याच्या दोनच वर्षे आधी, 13 ऑगस्ट 2015 रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने मॅगी नूडल्सवरची बंदी रद्द केली, त्यात प्रयोगशाळांची मान्यता हा मोठा मुद्दा होता. कंपनीला आपली बाजू मांडू दिली नाही हा दुसरा. तो खटला शिशाच्या प्रमाणाचा होता, जंतूंचा नव्हता, तरी त्यातला धडा इथेही लागू पडतो. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास कलम 59 प्रमाणे किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान 10 लाख रुपये दंड आहे. एवढी कडक शिक्षा न्यायालयात टिकायची तर कोणत्या अन्नातून कोणता जंतू गेला हे सिद्ध करावे लागते, आणि नमुनाच हाती नसेल तर ते कलम नुसते पुस्तकात राहते.

आता पुन्हा भगरीकडे येतो, कारण महाराष्ट्रापुरते पाहिले तर हे उदाहरण फार बोलके आहे. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी आली की भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात, आणि त्या सणांच्या आधी अन्न व औषध प्रशासन सूचनाही काढते. भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यापासून फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. म्हणून भगर पाकीटबंद घ्यावी, सुटे तयार पीठ घेऊ नये, पीठ लागेल तेवढेच दळावे, कोरड्या जागी ठेवावे, असे त्या सूचनांत सांगितलेले असते. सूचना बरोबर आहेत. पण त्यांचा सगळा भार अखेरच्या माणसावर, म्हणजे उपवास करणाऱ्या बाईवर आणि सप्ताहाच्या स्वयंपाक्यावर टाकलेला आहे. बुरशी मात्र त्याच्या कितीतरी आधी, ओल धरलेल्या गोदामात आणि महिनोन्महिने पडून राहिलेल्या पोत्यात लागलेली असते. भगर तयार करणाऱ्या गिरण्यांचे मोठे केंद्र नाशिक आहे. हजारो गावांच्या मांडवांत जाऊन भगर तपासणे कोणत्याही सरकारला शक्य नाही, पण मोजक्या गिरण्यांत आणि घाऊक गोदामांत धान्याचा ओलावा मोजणे, दळल्याची तारीख पोत्यावर छापायला लावणे आणि सणाच्या महिनाभर आधी नमुने घेणे नक्की शक्य आहे. आजार झाल्यावर पोत्यावरचा क्रमांक विचारला गेला तर तीच भगर आणखी कुठे गेली हेही त्या रात्रीतच कळू शकेल.

महाप्रसादाचा विषय निघाला की श्रद्धेत सरकारने हात घालू नये असे म्हटले जाते. ती भावना मी समजू शकतो. माझ्या आजोळच्या गावी भंडाऱ्याचा स्वयंपाक करणे हा मान समजला जाई आणि त्या कामाला लोक अंघोळ करून, सोवळ्याने बसत. पण सोवळ्याची स्वच्छता आणि जंतूंपासूनची स्वच्छता या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात. सोवळे नेसलेल्या माणसाच्याही हाताला जखम असू शकते आणि पाणी तर त्याच टाकीतून येते. कायद्याने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफ्यासाठी असो वा नसो असे स्पष्ट म्हटले आहे, आणि 2011 च्या परवाना व नोंदणी विनियमांत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्याचाही नोंदणीच्या वर्गात समावेश आहे. ज्या सप्ताहाला हजार माणसे जेवणार आहेत त्याची आगाऊ नोंद व्हावी, पाण्याच्या टाकीत क्लोरीन आहे का हे ग्रामपंचायतीने पाहावे, आणि आरोग्य सेविकेने स्वयंपाक्यांशी अर्धा तास बोलावे, यात श्रद्धेला धक्का लागेल असे काहीही नाही. पंढरीच्या वाटेवर पाण्याचे टँकर तपासले जातात, तेव्हा वारकऱ्यांनी कधी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तपासनीस वाढवले की हप्ते वाढतील, मोठी हॉटेले सुटतील आणि वडापावची गाडी लावणारा भरडला जाईल, असे लोक म्हणतात, आणि ही भीती अनुभवातून आलेली आहे. माझे उत्तर असे की कोणाकडे जायचे हे तपासनिसाने स्वतःच्या मर्जीने ठरवण्याऐवजी आजाराच्या नोंदीने ठरवले, तर त्या मनमानीला बराच आळा बसेल. जिथून रुग्ण आले तिथे आधी जायचे. कायद्याचे कलम 32 सुधारणा नोटिशीचे आहे. त्यात दंडाच्या आधी चूक दाखवून दुरुस्तीची मुदत देता येते, आणि छोट्या विक्रेत्यासाठी तेच वापरले गेले पाहिजे. गाडीवाल्याला हात धुवायला सांगणाऱ्या पालिकेने त्याच्या ओट्याजवळ नळ दिला आहे का, हा प्रश्न मला दंडाच्या रकमेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. एका बादलीत दिवसभर तीच प्लेट विसळणारा माणूस बेफिकीर असतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्याकडे दुसरी बादलीच नसते.

केरळात 2022 साली कासरगोड जिल्ह्यात शॉरमा खाल्ल्यानंतर एक विद्यार्थिनी दगावली, आणि 2023 च्या जानेवारीत राज्याने कच्च्या अंड्याच्या मेयोनेझवर बंदी घातली. तेलंगणाने 2024 साली आणि तमिळनाडूने 2025 साली तसेच केले. या बंदीला माझा विरोध नाही, कारण कच्चे अंडे उन्हाळ्यात बाहेर ठेवणे धोक्याचेच आहे. मात्र एका पदार्थावर बंदी आली की लक्ष त्या पदार्थावर खिळते, आणि हात, पाणी, बर्फ, तापमान या रोजच्या गोष्टी तशाच राहतात. केरळने त्याच सुमारास अन्न हाताळणाऱ्या कामगारांना आरोग्यपत्र सक्तीचे केले, ते पाऊल मला बंदीपेक्षा अधिक दूरदृष्टीचे वाटते.

महाराष्ट्राने सुरुवात कलम 35 पासून करावी आणि राज्याच्या प्रत्येक तालुक्यासाठी तशी अधिसूचना काढण्याची मागणी प्राधिकरणाकडे करावी. डॉक्टरकडून लांबलचक अर्ज भरून घ्यायचा नाही. रुग्णाचे गाव, लक्षणे केव्हा सुरू झाली, मागच्या तीन दिवसांत घराबाहेर कुठे जेवला, सोबत जेवलेल्यांपैकी आणखी कोणी आजारी आहे का, आणि अन्नाचा किंवा उलटीचा नमुना मिळू शकतो का, एवढे पाच प्रश्न मोबाइलवरून भरता येतील आणि तीच नोंद त्याच क्षणी आरोग्य खात्याला व अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दिसेल अशी व्यवस्था पुरेशी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसीसाठी शीतपेट्या आहेतच. त्यांच्या शेजारी नमुन्यासाठी एक वेगळी शीतपेटी आणि चार निर्जंतुक बाटल्या ठेवायला मोठा खर्च येणार नाही. येत्या आषाढी एकादशीच्या आधी एका जिल्ह्यात हे करून पाहता येईल, आणि तो जिल्हा बुलढाणा असावा.